तीन वर, दोन खाली

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा
माझ्याकडे साडेसातशे रुपये होते,
आईच्या भिशीतले पाचशे,
आणि निलोफरचा निळा कुर्ता,
मुलाखतीपुरता आणलेला,
काखेतली घामाची फिकट कोर सोडली
तर जसाच्या तसा परत करायचा.

आठवड्याचे दिवस सहा.
शनिवार अर्धा, पण कपडे अख्खे लागतात.
बी.कॉम.चा पहिला उपयोग तेव्हा झाला:
तीन कुर्ते, दोन सलवारी,
तीन दुणे सहा.
सोमवार उजाडेपर्यंत एकही जोडी पुन्हा दिसायची नाही.
ओढण्या धरल्या तर बारा,
पण ओढणी धरणगाव ते जळगाव तोंडाला बांधलेली असते,
तिला कुठल्याच हिशोबात धरता येत नाही.

फुले मार्केटात आम्ही भर दुपारी दोनला गेलो.
उन्हात दुकानदार मऊ पडतो,
हे आईचं शास्त्र.
"कितलाले देशी भाऊ?"
"साडेतीनशे."
"हाई कापड से का कागद?"
आईनं पदर मुठीत धरावा तसा कुर्ता धरला,
चुरगाळला, दहापर्यंत मोजलं, सोडला.
सुरकुती राहिली तर सुती,
नाही राहिली तर लबाड.
मला नेमकं लबाडच हवं होतं.
इस्त्रीवाला एका कपड्याचे सात घेतो,
दोनाचे चौदा, सहा दिवसांचे चौऱ्याऐंशी,
महिन्याचे
"पन घाम येई ना वं," आई म्हणाली.
खरंच होतं. मे महिन्यातलं जळगाव आणि पॉलिएस्टर,
दोघांशी एकदम संसार होत नाही.
दोनशे ऐंशीला सुटला. सुती. इस्त्री मीच करीन, रात्री.

काळी सलवार सगळ्यावर चालते म्हणे.
पण आमच्या स्टँडच्या वाटेवर जिनिंग आहे,
दिवाळीनंतर तिथली हवासुद्धा केसाळ होते.
काळ्या सलवारीत कंपनीत पोचेपर्यंत
मी म्हातारं मांजर दिसेन.
म्हणून एक राखाडी.
आणि एक मातकट, धुळीशी आधीच तडजोड केलेली.

तिसरा कुर्ता भिकनदादा शिंप्यांनी
आईच्या अबोली साडीतून काढला,
जिचे काठ गेले होते, पोट शाबूत होतं.
"खिसा पाहिजे."
"बाईच्या कुर्त्याले?"
"पास ठेवायला. बसचा."
कानावरची पेन्सिल हातात घेऊन
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग दोन लावले, पैसे एकाचेच घेतले.

चपला पहिल्या पगारावर ढकलल्या.
टेबलाखाली कोण वाकून बघतंय.

चटई कंपनीच्या गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढे सरकवलं.
"ताई, त्या दिवशी निळा होता ना तुमचा?
भारी होता."
मी सही केली.
निळा त्या वेळी पाचोऱ्याला होता,
निलोफरच्या अंगावर,
दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलासमोर.

वहीच्या शेवटच्या पानावर मी तक्ता ठेवला:
सोम राखाडी-अबोली, मंगळ मातकट-पिवळा…
दुसऱ्या सोमवारी फालक मॅडम
व्हाउचरवरून नजर न उचलता म्हणाल्या,
"तीन-दोन ना?
माझं चार-दोन होतं, सुरुवातीला.
पावसाळ्यात वाळत नाहीत गं. एक वाढव."
मी तेव्हा त्यांच्या बाहीकडे नीट पाहिलं.
कोपराशी कापड इतकं मऊ झालं होतं
की आतला हात विचार करताना दिसत होता.

मधल्या सुट्टीत निलोफरचा मेसेज:
डाग लिंबानं गेला.
पाचोऱ्याला झालं नाही.
बुधवारी भुसावळ.

मी बराच वेळ काहीतरी धीराचं लिहीत होते,
खोडत होते.
शेवटी एवढंच पाठवलं:
भिकनदादांकडे ने.
खिसा लावून घे.